कळलावी: कुंपणावरची वेल कुंडीत आणताना

(मे महिन्याच्या अखेरीस बागप्रेमींच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. टेबलावरच्या बरणीत जो कंद ठेवलाय, तो लांबूनच बघा. बरणी हातोहात फिरवायला देणार नाही आणि झाकणही उघडणार नाही. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल तर चहाच्या वेळी पुढे या. बोटाएवढा जाड, मातकट रंगाचा, मध्येच कोन करून दोन बाजूंना फाटलेला असा हा कंद. आकार नांगरासारखा, म्हणून आयुर्वेदाच्या ग्रंथांत हिचं एक नाव लांगली. आपण म्हणतो कळलावी. कोणी अग्निशिखा म्हणतं, कोणी खड्यानाग म्हणतं, आणि कोकणातल्या बायकांना विचाराल तर ‘गौरीचे हात’.

आज ही ओळखायची कशी आणि घरी लावायची कशी, हे बोलायचंय. पण सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो. ही वेल वर्षातले सहा-सात महिने जमिनीच्या वर नसते. ती मेलेली नसते, झोपलेली असते. ज्यांना हे सोसवतं त्यांच्याकडे कळलावी वर्षानुवर्षं राहते. ज्यांना रिकामी कुंडी बघवत नाही आणि जे डिसेंबरातही तिला तांब्याभर पाणी घालतात, त्यांच्याकडे ती दुसरा पावसाळा बघत नाही. आपल्याकडे बहुतेक कळलावी पाण्यावाचून मरत नाही, पाण्याने मरते.

आता ओळख. पहिला पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की करवंदीच्या जाळीतून, गडग्याच्या दगडांमधून, निवडुंगाच्या वईतून एक सरळ, मऊ, हिरवा कोंब वर येतो. या वेळी ती चटकन ओळखू येत नाही. कोंब टोकदार, पानं त्याला चिकटून गुंडाळलेली, आणि खालच्या पानांची टोकं अगदी साधी. इथे लोक फसतात. कोणाला आलं वाटतं, कोणाला बांबूचं रोप वाटतं. थोडं थांबायचं. वेल हात-दीड हात उंच झाली की वरच्या पानांकडे बघायचं.

काकडी, कारलं, दोडका यांचे तणावे पानाच्या बगलेतून वेगळे फुटतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कळलावीत वेगळा तणावा नाही. पानच पुढे निमुळतं होत जातं आणि त्याचं टोक तणाव्यासारखं वळतं. पानाला देठही नाही, ते थेट खोडावर बसतं. काही पानं समोरासमोर, काही एकाआड एक, मध्येच कुठे तीन एकत्र. एकाच वेलीवर हे तिन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे पानांच्या मांडणीवरून ओळखायला जाऊ नका, टोकावरून ओळखा. जवळ बारीक काटकी असेल तर ते टोक तिला एक-दोन वेढे घालतं. हे टोक बोटांनी तपासायचं असेल तर जरूर तपासा, त्याने काही होत नाही, नंतर मात्र हात धुवा. हात धुण्याचं आज मी अनेकदा सांगणार आहे, कंटाळू नका.

फूल आलं की मग चुकायला जागाच नाही. तरी फूल नीट बघितलेले लोक कमी, कारण रंगाने डोळे दिपतात आणि आपण फोटो काढून पुढे जातो. एकदा एकाच फुलाकडे चार-पाच दिवस बघा. कळी हिरवी, लांब देठावर खाली मान घालून लोंबते. उमलताना सहा पाकळ्या आधी खालीच असतात, हिरवट-पिवळ्या. मग त्या मागे वळायला लागतात आणि पुरत्या उलटून वर उभ्या राहतात, म्हणजे फुलाचं तोंड जमिनीकडे आणि पाकळ्या आभाळाकडे. कडा बारीक चुणीदार. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळं पिवळं. मग वरच्या टोकाकडून केशरी, नंतर लाल, आणि शेवटी सगळं फूल गडद लाल. एकाच वेलीवर पिवळी आणि लाल फुलं दिसली की अनेकांना दोन जाती वाटतात. जात एकच, फुलांचं वय वेगळं.

आता पाकळ्या सोडा आणि खाली बघा. सहा पुंकेसर चक्राच्या आऱ्यांप्रमाणे आडवे पसरलेले असतात, टोकाला परागकोश हलते राहतात. आणि मधून निघणारी कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, सरळ खाली जात नाही. ती बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला बाहेर पडते. याचं कारण असं सांगतात की त्याच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडू नयेत. मध असतो पाकळ्यांच्या अगदी बुडाशी. तिथे पोचायला फुलपाखरू येतं तेव्हा त्याचे पंख बाहेर पसरलेल्या परागकोशांना घासतात आणि पराग पंखांवर बसून पुढच्या फुलावर जातात. भिंगाची गरज नाही. श्रावणात ऊन पडलं की वेलीपाशी नुसतं उभं राहायचं.

फुलं गेली की लांबट हिरवी बोंडं धरतात. पाऊस संपता संपता ती वाळून तीन भागांत उकलतात आणि आत शेंदरी-लाल गोल बिया दिसतात. या बिया सुंदर दिसतात, आणि म्हणूनच घरात लहान मूल असेल तर त्या उकलण्याआधी बोंडं कापून टाकायची.

नावांचा घोळ थोडक्यात. कळलावीला काही भागांत बचनाग म्हणतात. पण आयुर्वेदातला खरा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, हिमालयात होतो, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. तो वेगळ्या कुळातला आणि त्याचं विषही वेगळं. म्हणून कोणी ‘बचनागाचा कंद’ देतो म्हणाला तर फोटो मागा. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, लिनिअसने १७५३ साली दिलेलं. पूर्वी हिला लिलीच्या कुळात धरत, आता कॉल्चिकेसी या कुळात धरतात. त्या कुळाच्या नावाशी तिचं विष जोडलेलं आहे, त्याकडे येतो.

नर्सरीत ‘ग्लोरिओसा लिली’ म्हणून जे मिळतं ते आपल्या रानातलंच असेल असं समजू नका. रॉथचाइल्डियाना नावाचा एक प्रकार बाजारात फार चालतो, मूळ आफ्रिकेतला. त्याच्या पाकळ्या रुंद, कमी चुण्यांच्या, सुरुवातीपासून लाल आणि कडेला पिवळी किनार. आपल्या रानातलीच्या पाकळ्या अरुंद, खूप चुणीदार, आणि खालचा अर्धा भाग बराच वेळ पिवळा. वनस्पतिशास्त्रज्ञ हल्ली दोन्हींना एकाच जातीत धरतात, त्यामुळे नर्सरीवाल्याशी भांडू नका. पण आपल्या मातीतली वेल हवी असेल तर फुलात असताना बघून घ्या.

ही वेल एकट्या सह्याद्रीची नाही, हेही सांगायला हवं. आफ्रिकेपासून भारत, श्रीलंका ते आग्नेय आशियापर्यंत ती आहे. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये तेव्हाच्या राजकन्या एलिझाबेथ तिथे गेल्या असताना शाळकरी मुलांच्या वतीने त्यांना याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे. संगम काव्यात ‘कांदळ’ म्हणून ती भेटते, डोंगरउतारावरच्या प्रेमकवितांत. ऑस्ट्रेलियात मात्र बागेतून निसटून किनाऱ्यावरच्या वाळूत पसरली आणि तण ठरली. आपल्याकडे तिचं स्थान या सगळ्यापेक्षा घरगुती आहे. कोकणात तेरड्याची गौर आणतात, तिच्या जोडीला ही फुलं लागतात. भाद्रपदात गौरी आणि कुंपणावर कळलावीचा बहर हे एकाच सुमाराला येतं, त्यात ठरवून काही केलेलं नाही. एक सूचना फक्त: निर्माल्य गोठ्यातल्या गवतात टाकू नका.

आणि हो, कळलावी अंगणात लावली की घरात भांडणं होतात असंही काही जण सांगतात. आमच्या घरातली भांडणं वेलीच्या बरीच आधीची आहेत, त्यामुळे मला यावर काही ठाम सांगता येणार नाही.

आता विष. हा भाग घाईत उरकायचा नाही.

कळलावीच्या सगळ्या भागांत विष आहे, कंदात आणि बियांत सगळ्यात जास्त. मुख्य विषाचं नाव कॉल्चिसीन. हेच द्रव्य गाऊटच्या, म्हणजे सांध्यांत युरिक ॲसिड साचून होणाऱ्या दुखण्याच्या गोळीत असतं. डॉक्टर ते मिलिग्रॅमच्याही भागांत मोजून देतात. कंदात किती आहे हे कोणीही नुसतं बघून सांगू शकत नाही.

ते करतं काय? पेशी दुभंगताना आतल्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. कॉल्चिसीन ते तंतू बनू देत नाही. मग पेशीचं विभाजन अडकतं. आता शरीरात सतत विभाजन कुठे चालू असतं ते आठवा: आतड्याचं अस्तर, हाडातला मगज आणि केसांची मुळं. म्हणून विषबाधेत आधी भयंकर उलट्या आणि जुलाब, मग एक-दोन दिवसांत रक्तपेशी घटणं, मूत्रपिंड, यकृत, हृदय यांवर घाला, आणि जो वाचतो त्याचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. लक्षणांचा हा क्रम पाठ करायची गरज नाही. एकच लक्षात ठेवा, की पोटात गेल्यावर पहिले काही तास माणूस ठणठणीत असू शकतो. लक्षणं दोन तासांनी सुरू होतील, कधी चोवीस तासांनीही. ‘काही झालं नाही ना, मग बघू सकाळी’ हे वाक्य इथे जीव घेतं. तोंडात गेल्याचा नुसता संशय आला तरी तडक मोठं रुग्णालय गाठायचं, सोबत वेलीचा तुकडा पिशवीत घालून किंवा फोटो काढून न्यायचा आणि डॉक्टरांना ‘कॉल्चिसीन’ हा शब्द सांगायचा. सहज मिळेल असा यावर उतारा नाही, उपचार सगळे आधार देण्याचे असतात, म्हणून वेळेला एवढी किंमत. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

शिजवल्याने हे विष जात नाही. अपघात बहुतेक वेळा असा होतो की कंद रताळं किंवा कोनफळ म्हणून खाल्ला जातो. त्यामुळे कंद कधीही स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांच्या टोपलीजवळ ठेवायचा नाही, जुन्या चिवड्याच्या डब्यात तर अजिबात नाही.

कोणीतरी विचारणार म्हणून आधीच सांगतो. आयुर्वेदात लांगली उपविषांत मोजली आहे, आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरत नाहीत. जे शास्त्र तिला औषध म्हणतं तेच तिला विषही म्हणतं. बाळंतपणात अडलेल्या बाईच्या पायांना किंवा बेंबीला कंदाचा लेप लावायची रीत होती, नाव त्यावरूनच पडलं असं जुनी माणसं सांगतात. ही माहिती म्हणून ऐका, कोणावर करून बघू नका.

या विषाची दुसरी बाजूही आहे. पेशी दुभंगायची थांबली, पण तोवर गुणसूत्रं दुप्पट झालेली असतात. म्हणजे त्या पेशीत दुप्पट गुणसूत्रं राहून जातात. १९३७ साली अमेरिकेत ब्लेक्सली आणि ॲव्हरी यांनी वनस्पतींवर हे करून दाखवलं आणि संकरकाम करणाऱ्यांच्या हातात मोठं हत्यार आलं. जपानी शास्त्रज्ञ किहारा यांनी याच वाटेने बिनबियांचं कलिंगड तयार केलं. उन्हाळ्यात आपण बिया न थुंकता जी फोड खातो, तिच्यामागे कॉल्चिसीन आहे. कलिंगडात ते शिल्लक नसतं, काळजी नको, ते फक्त आधीच्या पिढीतल्या रोपावर वापरलेलं असतं.

औषधासाठी बिया लागतात, म्हणून तमिळनाडूत मूलनूर, धारापुरम या भागात कळलावीची चक्क शेती होते. मांडव घालून वेली चढवतात. फळधारणा आपणहून कमी होते, म्हणून सकाळी माणसं फुलाफुलाला हाताने परागीभवन करतात. मघाशी सांगितलं ना, दांडी बाजूला वळलेली असते? तिचा हा परिणाम.

आता लावणं. आज मे संपत आलाय, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. रोहिणी नक्षत्र लागलं की कंद जमिनीत गेला पाहिजे, मृगापर्यंत तरी. घाटावर पाऊस उशिरा असेल तर जूनच्या मध्यापर्यंत चालेल. अनेकदा कुंडीत कोरडा पडलेला कंद नुसत्या उकाड्याने आणि हवेतल्या दमटपणानेच डोळा फोडतो, पावसाची वाट बघत नाही.

कंद आणायचा कुठून? रानातून नाही. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटणं हा गुन्हा आहे, हे एक. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक कंद खणणं म्हणजे ती वेल तिथून कायमची जाणं, कारण तिच्याकडे पसरलेली मुळं नाहीत, जे आहे ते त्या एका कंदात. औषधासाठी कंद खणून नेल्यामुळे काही डोंगरांवर ती आधीच विरळ झालीये. ज्यांच्या कुंपणावर आहे अशा ओळखीच्या माणसाकडून घ्या, किंवा नर्सरीतून.

घेताना टोकं बघा. या कंदाची खोड इथे आहे. बटाट्याला सगळीकडे डोळे असतात, एक गेला तर दुसरा फुटतो. कळलावीच्या प्रत्येक फाट्याला एकच डोळा असतो, अगदी टोकाला. ते टोक मोडलं की तो फाटा मेला, मग तो कितीही जाडजूड दिसो. आणि कंद असा ठिसूळ असतो की पिशवीत इतर सामानाबरोबर टाकला तरी टोक तुटतं. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात आणा. दोन्ही फाट्यांचे डोळे शाबूत असतील तर सांध्यात हलकेच वेगळे करून दोन वेली करता येतात. कापलेल्या जागेला राख लावून दोन दिवस सावलीत सुकू द्या. बोटापेक्षा बारीक कंद असेल तर या वर्षी फुलाची आशा धरू नका, नुसती पानं येतील, पुढच्या वर्षी बघू. हातमोजे घाला, आणि पुन्हा सांगतो, हात धुवा.

कुंडी निदान फूटभर खोल हवी. नवा कंद जुन्याच्या खाली बनतो आणि दर वर्षी थोडा खोल जायला बघतो, उथळ कुंडीत तो तळाला टेकून ओलीत बसतो. मातीचा हिशेब सोपा: दोन भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. तळाला भोकं मोठी, वर विटांचे तुकडे. कंद आडवा ठेवायचा, उभा नाही, आणि त्यावर दोन-तीन इंच माती.

लोक विचारतात, कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे ती कुजत नाही आणि माझ्या कुंडीत कुजते, हे कसं? तिथे ती उभी असते कुठे बघा: उतारावर, बांधाच्या कडेला, गडग्याच्या दगडांत, जांभ्याच्या फटीत. पाणी येतं आणि निघून जातं. सपाट, चिकट काळ्या मातीत, जिथे पाणी साचून राहतं, तिथे ती तुम्हाला रानातही सापडणार नाही. अंगणात लावायची तर कुंपणाच्या कडेला थोडा उंचवटा करून लावा. ऊन अर्धा दिवस तरी हवं. बुंध्यापाशी सावली आणि शेंड्याला ऊन मिळालं तर उत्तम, जाळीतून वर येणाऱ्या वेलीला तेच मिळतं.

आधाराबद्दल. हौशी लोक छान लोखंडी पाइप किंवा जाड बांबू रोवतात आणि वेल खाली लोळत राहते. पानाचं टोक पेन्सिलपेक्षा जाड वस्तूला वेढा घालू शकत नाही. तिला बारीक, खडबडीत, गुंतागुंतीचं काहीतरी हवं. तुराट्या किंवा पळाट्या मिळाल्या तर त्यासारखं काही नाही, सहा-सात उभ्या खोचा. शहरात काथ्याची दोरी आडवी-उभी बांधा किंवा कोंबडीच्या खुराड्याची जाळी लावा. आधार कंद लावतानाच द्यायचा, नंतर खोचायला गेलात तर काठी नेमकी कंदात घुसते. कोवळं खोड फार ठिसूळ असतं, बुडातून मोडलं तर त्या वर्षीचा खेळ बहुधा संपला. म्हणून बांधाबांध करू नका, तिची ती चढते. चांगला कंद असेल तर दोन-अडीच मीटर सहज जाते.

कीड एकच लक्षात ठेवण्यासारखी आहे, तिचं नावच पॉलिटेला ग्लोरिओसी. स्पायडर लिलीवर पावसाळ्यात ज्या काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या झुंडीने येतात, त्याच या. जे पान आपल्याला मारेल ते त्या आवडीने खातात. पानाच्या खालच्या बाजूला बारीक अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढं पान काढा. अळ्या मोठ्या झाल्या असतील तर सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दोन दिवस दुर्लक्ष केलं तर नुसतं खोड उरतं. शंखगोगलगायी कोवळे कोंब खातात, त्यांनाही रात्री बॅटरी घेऊन वेचायचं.

फुलं झाली की खरी परीक्षा. ऑक्टोबरात वेल विस्कटलेली दिसते, पानं डागाळतात, आणि आपल्याला ती कापून टाकून शेवंती लावायचा मोह होतो. पण याच दिवसांत पानं नवा कंद भरत असतात. जुना कंद या पावसाळ्यात खर्ची पडलेला असतो, पुढच्या वर्षीचा कंद आत्ता घडतोय. हिरवं पान आहे तोवर हात लावायचा नाही. हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरला की पाणी हळूहळू कमी करा. नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडून खोड वाळलं की कात्रीने जमिनीलगत कापा आणि त्या दिवसापासून पाणी पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. कुंडी जिन्याखाली किंवा पडवीत आडवी करून ठेवा, म्हणजे कोणी दयाळू माणूस पाणी घालणार नाही आणि अवकाळी पाऊसही आत शिरणार नाही. कुंडीवर ऑइल पेंटने लिहा: ‘कळलावी. विषारी. पाणी नको.’ त्याच कुंडीत दुसरं झाड लावू नका, कारण त्याला पाणी लागेल. जमिनीत असेल तर तिथे हिवाळी फुलझाडांचा वाफा करू नका.

कंद काढून ठेवायचाच असेल तर तो कोरड्या वाळूत, उंचावर, कुलपात.

*यानंतर काही प्रश्न झाले, त्यातले निवडक.*

बियांपासून होते का?

होते, पण धीर हवा. बी उगवायलाच कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. पहिल्या वर्षी बोटभर रोप येतं, वाळतं, आणि खाली हरभऱ्याएवढा कंद उरतो. पुढे दर पावसाळ्यात तो थोडा वाढतो. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ज्यांना रानात परत वेली वाढवायच्या आहेत त्यांनी मात्र बियाच वापराव्यात, कंदाच्या वाटण्या करून सगळ्या वेली एकाच आईच्या होतात.

फ्लॅटच्या गॅलरीत, पश्चिमेच्या उन्हात चालेल?

चालेल. पावसाळ्यात ऊन तसंही बेताचं. तुमच्याकडे प्रश्न उन्हाचा नाही, कुंडीखालच्या ताटलीचा आहे. ताटली काढून टाका. आणि वेल ग्रिलच्या बाहेर गेली तर खालच्या मजल्यावरच्यांना ती काय आहे ते सांगून ठेवा.

घरात कुत्रा आहे.

कुत्रा माती उकरणारा असेल तर लावू नका. मांजरं, बकऱ्या, गुरं सगळ्यांना ती विषारी आहे. टांगत्या कुंडीत ठेवली तरी पिकलेलं बोंड खाली पडतंच.

आमच्याकडे दोन वर्षांची नात आहे, पण रानातलं कायम टिकणारं काहीतरी लावायचंय.

मग कळलावी राहू द्या, पाच-सहा वर्षांनी बघा. तोवर रानहळद लावा. तीही कंदाची, तीही आपल्याच डोंगरांची, पावसाळ्यात पिवळी फुलं आणि त्यांच्या डोक्यावर गुलाबी-जांभळी पानं येतात. तिची रीत हीच: जूनमध्ये लावायची, हिवाळ्यात वाळू द्यायची, उन्हाळ्यात पाणी नाही. कुंडी मात्र खोलपेक्षा रुंद घ्या, ती बाजूला पसरते. सावली तिला जास्त मानवते, आंब्याखालीसुद्धा येते.

कंद तुमच्याकडे मिळतील का?

थोडे आहेत. दाराशी वही ठेवलीये, तिच्यात नाव लिहा आणि घरी कोण कोण आहे तेही लिहा. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांना रानहळदीचे गड्डे देईन. पिशवी नको, खोकं आणा.